एका दमात म्हण

शमीम, तू गेलीस ती गेलीस, पण जळकोटच्या टाळ्या किती हे भांडण अर्धवट ठेवून गेलीस. असं करतात का गं?

शब्दाच्या तुकड्याला एक टाळी, हा तुझ्या पहिलीचा खेळ. मी म्हणायचे चार. ज, ळ, को, ट. अक्षरं चार, तर टाळ्या चार. तू म्हणायचीस, "आक्का, डोळे मिट आणि नुसतं म्हण. जळ-कोट. दोनच वाजतात. लेकरं ऐकून टाळी वाजवतात, पाटी बघून न्हाई." सकाळी मुखेडच्या स्टँडवरून आपण जळकोटच्या गाडीत बसायचो, त्यामुळं हे नाव रोज डोळ्यांसमोर आणि भांडण रोज ताजं. एकदा तर तू कंडक्टरलाच विचारलंस, "मामा, जळकोट म्हणताना किती टाळ्या वाजवाव्या?" तो तिकिटाचं मशीन हातात धरून आपल्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मी दोनदा घंटी मारतो, गाडी निघते." आख्खी गाडी हसली. तू मला कोपरानं ढोसलंस, बघ, दोन! त्याच्या घंटीचा आणि तुझ्या मुद्द्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्या घंटीवर तू संध्याकाळपर्यंत मिरवलीस.

आता त्याच गाडीत खिडकीजवळची जागा मला मिळते. नको वाटते.

त्या दिवशी तुझा चाळिसावा झाला. तुझ्या नवऱ्यानं, सलीमभाईंनी, माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा करून ठेवला होता. "आक्का, तुमचं भांडं अलग हाय, हात बी न्हाई लागला कुणाचा," म्हणाले. मला रडूच आलं. आपण दोघी इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, माझी कडक भाकरी आणि तुझी अंबाड्याची भाजी, तेव्हा कुठं अलग होतं भांडं? पण माणूस दुःखात असताना इतकी आठवण ठेवतो, त्याला काय बोलायचं. मी पोटभर जेवले. निघताना त्यांनी तुझा तो पत्र्याचा डबा हातात दिला, चिंचोक्यांचा. "हे शाळेचं हाय," एवढंच म्हणाले. गाडीत डबा मांडीवर होता आणि खड्डा आला की आत खुळखुळ वाजायचा. शेजारची बाई विचारत होती, काय आहे त्यात? मी म्हणाले, पहिलीचा वर्ग आहे.

पहिलीचा वर्ग आता माझ्याकडं आहे, शमीम. गाव आणि तांडा यांच्या मधल्या माळावर आपली शाळा, दोन खोल्या आणि दोन बाया. तू पहिली-दुसरी, मी तिसरी-चौथी आणि वर मुख्याध्यापकाचा डोक्याला ताप. तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. मधलं दार उघडं ठेवून मी दोन्ही खोल्यांत फिरते. इकडं भागाकार, तिकडं टाळ्या. घसा बसला आहे माझा.

तू आलीस तेव्हाचा पहिला आठवडा आठवतो का? पहिली तोवर माझ्याकडंच होती. मी शिकवलं होतं तसंच, जसं सगळे शिकवतात: कमळाचा क, पतंगाचा प. तू फळ्यावर 'कप' लिहिलंस आणि एका पोराला उभं केलंस. त्यानं छाती फुगवून ठणठणीत वाचलं, "कमळ पतंग!" मी दारात उभी होते, पोट धरून हसले. तू हसली नाहीस. त्याला म्हणालीस, शाबास, बस. मग मला म्हणालीस, "त्यानं बरोबर वाचलं आक्का. आपण त्याला अक्षराचं नाव शिकवलं, आवाज शिकवलाच न्हाई."

झालं, मला राग आला. मी म्हणाले, "मी अशीच शिकले, तूही अशीच शिकलीस. आपलं काही बिघडलं का?"

"आपलं न्हाई बिघडलं," तू फळा पुसत म्हणालीस. "पण आपल्या वर्गात बाकीची लेकरं होती, ती आज कुठं हायेत?"

मी काय गप्प बसणारी आहे का? संध्याकाळच्या गाडीत मी बाराखडीची बाजू घेऊन मुखेड येईपर्यंत बोलले. तू खिडकीला डोकं टेकून ऐकत होतीस, मधूनच डोळे मिटून गालात हसत होतीस. कुणी आपल्या रागाला असं हसून घेतलं की पुढं भांडायची हौसच वाढते. तू मला म्हणायचीस, "रागावली की आक्का उदगीरला जाऊन येती." माझं माहेर उदगीरचं. एरवी मी पुस्तकातलं शुद्ध बोलते, राग आला की अव्वाची भाषा तोंडात येते, हे तू हेरलं होतंस.

आणि मग यंदा जूनमध्ये पारू आली.

तांड्यावरची पारू. तेल लावून चापून बसवलेले केस, मोठ्या बहिणीचा फ्रॉक, आणि तोंड कुलूप लावल्यासारखं बंद. घरात तिची बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत आपली मराठी. हजेरीला 'हजर' म्हणायची नाही, पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायची नाही. जून गेला, आषाढ गेला. मी म्हणाले, "शमीम, ही पोरगी मंद आहे की मुकी आहे? तालुक्याला दाखवू."

"नक्को आक्का," तू म्हणालीस. "ती ऐकून राहिली. तिचं काम चालू हाय."

"ऐकून राहिली म्हणजे काय? परीक्षेत ऐकून दाखवणार आहे का?"

त्या दिवशी लिंबाखाली डबा खाताना तू मला चाकूरची गोष्ट सांगितलीस. तू पहिलीत असताना बाईंनी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, ही कोण? तू म्हणालीस, अम्मी. वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी फक्त दुरुस्त केलं, 'आई' म्हण. तू 'आई' म्हणालीस, आणि नंतर बरेच महिने काहीच म्हणाली नाहीस. "मला वाटलं आक्का, माझी अम्मी चुकीची हाय." हे तू भाकरीचा तुकडा मोडत इतकं सहज सांगितलंस की मला काय करावं कळेना. मी म्हणाले, आमच्याकडं अव्वा म्हणतात. तू म्हणालीस, "मग तू काय म्हणालीस शाळेत?" मी म्हणाले, "मी आई म्हणाले. मी घरातून शिकूनच गेले होते." तू म्हणालीस, "तीच तर गोष्ट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी येते तर तुझ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'याडी'. गोरमाटीत आईला याडी म्हणतात, हे मला इतकी वर्षं तांड्याजवळ नोकरी करून माहीत होतं, पण फळ्यावर कधी बघितलं नव्हतं. माझं डोकंच सणकलं. "शमीम, साहेब येऊन हे बघितलं तर मेमो मला येईल, तुला न्हाई! आपल्याला मराठी शिकवायचा पगार मिळतो." तू खडू झटकत म्हणालीस, "मराठीच शिकवून राहिले. आपण लेकरांना चप्पल बाहेर काढायला सांगतो ना, तशी भाषा पण बाहेर काढायला सांगतो. मी म्हणते, एवढी एक आत येऊ दे. इथून पुढं मराठीत नेते मी तिला."

यावर आपलं दोन दिवस बोलणं बंद होतं. डबा मात्र एकत्रच खाल्ला, मुकाट्यानं.

तुझं ते चिंचोक्यांचं काम मी दारातून बघायचे. दिसेल अशी बघायचे नाही, तुला भाव चढला असता. तू पारूसमोर दोन चिंचोके ठेवलेस. बा-टी. त्यांच्याकडं भाकरीला बाटी म्हणतात. एका तुकड्याला एक चिंचोका. मग पहिला चिंचोका बोटानं बाजूला सारलास. "'बा' गेला, काय उरलं?" पारू गप्प. बाकीची लेकरं ओरडली, टी! "आता 'बा'च्या जागी 'मा' आला, तर?" माटी! "आणि 'पा' आला तर?" तू लेकरांना हातानं थांबवलंस आणि नुसती पारूकडं बघत बसलीस. किती वेळ बसलीस गं! मला तिसरीचं गणित सोडून उभं राहावं लागलं. आणि ती पोरगी, जिचा आवाज आपण कुणी ऐकला नव्हता, ती चिंचोक्याकडं बघून म्हणाली, "पाटी."

तू ओरडली नाहीस, उचलून घेतलं नाहीस. फक्त तिच्या हातात पाटी दिलीस. मी चटकन आत गेले आणि चौथीला विनाकारण दम भरला.

मग तुझा तो दुसरा चाळा सुरू झाला. लेकरू अक्षरं सुटी सुटी म्हणून थांबलं की तू त्याच्या खांद्यावर हात ठेवायचीस आणि दंडावरून मनगटापर्यंत सरकवत आणायचीस. "तुकडे झाले. आता एका दमात म्हण." मी त्याला हात पुसायचा कार्यक्रम म्हणायचे. तू म्हणायचीस, जोडणं शिकवावं लागतं आक्का, ते आपोआप येत न्हाई. मी म्हणायचे, येतं. तू म्हणायचीस, ज्यांना आलं ते मास्तर झाले. तुझ्या जिभेला काही हाडच नव्हतं, खरंच.

दसरा झाला आणि तांडा ऊसतोडीला निघायची तयारी करू लागला. पारूची आई शांता शाळेत आली, कडेवर तान्हं. पारूला न्यायचं म्हणाली, फडात बाळाला कोण सांभाळील? तू तिला बाकावर बसवलंस आणि चहा पाजलास. म्हणालीस, पोरीला आजीजवळ ठेव. संक्रांतीपर्यंत ती वाचील, ही माझी जबान. न्हाई वाचली तर खुशाल घेऊन जा, मी अडवणार न्हाई. शांतानं तान्हं दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "बरं. तुमच्या जबानीवर ठेवते."

ती गेल्यावर मी तुला झाडलं. "कशाला दिलीस जबान? लेकराच्या डोक्याची हमी कुणी घेतं का?" तू म्हणालीस, "लेकराची न्हाई घेतली. माझी घेतली."

आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी गाडीत म्हणालीस, डोकं लई दुखून राहिलंय आक्का. मी म्हणाले, चहा घे. दुपारी तुला लातूरला नेलं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं मला लिहायचं नाही. लिहून तरी काय होतंय.

तुझ्या वर्गात मी पहिल्यांदा गेले तेव्हा लेकरं टाळ्या वाजवायला हात वर करून बसली होती. मी म्हणाले, खाली करा. मला ते जमणार नव्हतं, आणि खरं सांगू का, मला तुझ्यासारखं करायचंही नव्हतं. मी माझं सुरू केलं. क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि. लेकरं सूर धरून म्हणू लागली, खोली दणाणली. मला जरा बरं वाटलं. तू कुठून तरी ऐकत असशील तर तोंड वाकडं करशील, या विचारानं आणखी बरं वाटलं.

पण पारू. मी फळ्यावर 'काठी' लिहिलं. ती उठली, तालात म्हणाली, "क ला काना का, ठ ला दुसरी वेलांटी ठी." आणि थांबली. मी म्हणाले, मग काय झालं? तिनं परत सगळं म्हटलं. मग काय झालं? परत तेच. माझा आवाज चढला, तिचे डोळे भरले. तुकडे सगळे बरोबर होते गं, एकही चुकला नव्हता. मी तिच्यापाशी गेले, आणि माझा हात कधी तिच्या खांद्यावर गेला मला कळलं नाही. मनगटापर्यंत आणला. "एका दमात म्हण."

"काठी," ती म्हणाली.

तेव्हापासून सकाळी बाराखडी माझी आणि दुपारी हात पुसायचा कार्यक्रम तुझा, असं चाललंय. तडजोड म्हण. हरले असं म्हणू नकोस. तुझ्या त्या ओळखीच्या शब्दांवर पोरगी पायरीपर्यंत आली होती, पण न बघितलेला शब्द समोर आला की तिला काना-वेलांटी लागायचीच. त्या मी पक्क्या करून घेतल्या. हे तू मान्य करायला इथं असायला हवी होतीस. तोंडावर कौतुक मी कुणाचं करत नाही, तुझंही केलं नाही, पण तू करायचीस. तेवढं एक कौतुक राहिलं तुझ्याकडून यायचं.

चाळिसाव्यानंतरच्या शुक्रवारी पारूची आजी थावरीबाई शाळेत आली. पारू मागं उभी, हातात कपड्यांची पिशवी. "सोमवारी मुकादमाचा टेम्पो चाललाय फडात. शांतानं पोरीला मागितलंय. बारकं रांगाया लागलंय, उसाच्या पाल्यात हात घालतंय."

मी म्हणाले, संक्रांतीपर्यंतचं ठरलं होतं ना? पोरगी वाचायला लागली आहे.

"जबान शमीमबाईची हुती," थावरीबाई म्हणाली. "बाई गेली. जबान बी गेली."

शमीम, मी तिथंच उदगीरला जाऊन आले. "जबान माणसासंगं जात न्हाई, थावरीबाई! लाव फोन तुझ्या सुनेला, लाव!"

रेंज लिंबाखालीच येते, म्हणून सगळी वरात लिंबाखाली गेली. शांतानं फोन उचलला. पलीकडं उसाच्या पाल्याची सळसळ, कोयत्यांचे आवाज, बाळाचं रडणं. मी म्हणाले, ऐक, तुझी पोरगी वाचून दाखवते. पारूला पुस्तक दिलं. तिनं एक पान वाचलं, अडखळत का होईना, नीट वाचलं. मी विजयी मुद्रेनं फोन कानाला लावला.

"पाठ केलं असल," शांता म्हणाली.

"अगं पाठ कसं? वाचलं तिनं!"

"बाई, मला वाचाया येत न्हाई. मला कसं कळावं? मोठी पोर बी असंच घडाघडा म्हणायची, चौथीपर्यंत. इकडं चार म्हैने, तिकडं चार म्हैने. मला वाटायचं वाचतीया. सासरी गेली तर एसटीची पाटी वाचता येईना तिला." तिनं बाळाला चुचकारलं. "तुमी खोटं बोलताव असं न्हाई म्हणत मी. पर मला कसं कळावं?"

माझा राग तिथंच उतरला. किती खरं विचारत होती गं ती. तुझा कमळ-पतंगवाला पोरगा मला आठवला.

मग तीच म्हणाली, "असं करा. मी एक सांगते. तुमी लिवा. पोरीला ऐकू देऊ नका. मग तिनं वाचावं."

मी पारूला हातपंपावर पाठवलं आणि पाटी घेतली. शांता बोलली, एक लांब वाक्य, सगळं गोरमाटीत. मी म्हणाले, मराठीत सांग की. ती म्हणाली, "माझ्या बोलीत लिवता येत न्हाई व्हय?"

शमीम, तू हसलीस ना तेव्हा? खरं सांग.

मी म्हणाले, येतं. परत सांग. तिनं परत सांगितलं. मी डोळे मिटून ऐकलं, तू सांगायचीस तसं. अर्थ कळत नव्हता. याडी आणि बाटी एवढे दोन शब्द ओळखीचे, बाकी नुसते आवाज. ते ऐकून ऐकून मी अक्षरं मांडत गेले, पुसत गेले, परत विचारत गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासलेला माझा हात, आणि तो काय लिहितोय ते मलाच माहीत नव्हतं. मी एक काना चुकवला तर पोरगी सोमवारी टेम्पोत बसणार होती.

पारूला बोलावलं. फोन स्पीकरवर टाकून थावरीबाईच्या हातात दिला. पारूनं पाटी मांडीवर घेतली. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्यावर थांबली. माझ्याकडं बघितलं, सवयीनं. मी काय सांगणार? तो शब्द मला येतच नव्हता. एरवी लेकरू अडलं की उत्तर माझ्या जिभेवर असतं, मला ते गिळून बसावं लागतं. आज गिळायलाही काही नव्हतं. तिनं एकदा म्हणून बघितलं, मान हलवली. वेलांटी जरा वेगळी म्हणून बघितली. मग तिनं स्वतःच आपल्या दंडावर हात ठेवला आणि मनगटापर्यंत आणला.

तिचा चेहरा उघडला, शमीम. हसायलाच लागली. आणि आख्खं वाक्य तिनं एका दमात वाचलं, जोरात, फोनच्या दिशेनं तोंड करून.

पलीकडं नुसता पाला सळसळत होता. थावरीबाईनं फोन कानाला लावून बघितला, बंद तर पडला नाही.

"काय लिहिलंय गं?" मीच विचारलं, मला राहवेना.

पारू म्हणाली, मराठीत म्हणाली, "याडी म्हणती, बाटी शेळीला घालू नको. तू खा."

"आस्सं!" थावरीबाई पोरीवर उखडली. "तरीच म्हणलं शेळी का माजली!"

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. शांता रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. म्हणाली, "राहू द्या तिला. बारक्याचं मी आन् जाऊ मिळून बघताव." मग म्हणाली, "बाई, त्या बाईंनी चहा पाजला हुता मला." मी थावरीबाईच्या हातातून फोन घेतला. आम्ही दोघी तशाच फोन धरून होतो, तुझ्यासाठी.

सोमवारी टेम्पो गेला. शाळेवरूनच जातो तो, धूळ उडवत. मी खिडकीतून बघितलं आणि मग वर्गात बघितलं. पारू दुसऱ्या रांगेत बसून चिंचोके मांडत होती.

आज मधल्या सुट्टीत ती माझ्याकडं पाटी घेऊन आली. तिनं स्वतः लिहिलेलं, तिच्या बोलीत, वर 'समिमबाई' असं नाव घालून. माझं बोट खडूकडं गेलं, नाव दुरुस्त करायला. नाही केलं. पण ह्याचा तू उगाच मोठा अर्थ काढू नकोस.

"वाचा की बाई," ती म्हणाली.

मी वाचू लागले. नाव झालं, याडी झालं, पुढं अडले. अक्षर न् अक्षर ओळखत होते, तरी अडले. तुकडे तोंडात सुटे सुटे पडत होते. पारू जवळ आली. माझ्या खांद्यापर्यंत तिचा हात पुरत नाही, म्हणून तिनं कोपरावर ठेवला आणि मनगटापर्यंत सरकवत आणला.

"एका दमात म्हणा, बाई."

'शमीमबाई, याडीनं ऐकलं' असं लिहिलंय त्यात, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्याआधी मी म्हटलं, शमीम. एका दमात.